छोट्या बेटाचं राखीव सैन्य: भरतीच्या कायद्याचा मसुदा कसा लिहितात

कायद्याच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रश्न आहेत: बर्म्युडा, केमन यांसारख्या ब्रिटिश सागरपार प्रदेशांत राखीव सैन्य उभारायचं तर त्याचा कायदा लंडन करतं की तिथलं विधिमंडळ? भरतीची कलमं लिहिताना काय सांभाळावं लागतं? सक्तीची भरती करता येते का? आणि आपला १९४८ चा टेरिटोरियल आर्मीचा (नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या राखीव सैन्याचा) कायदा नमुना म्हणून समोर ठेवला तर चालेल का?

विधेयकांचे मसुदे लिहिणं हाच माझा व्यवसाय. त्यातला काही काळ मी कॅरिबियनमधल्या एका प्रदेशाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात काढला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. थोडक्यात हवं असेल तर ते असं: कायदा तिथलंच विधिमंडळ करतं, सैन्यावर हुकूम मात्र लंडनने नेमलेल्या गव्हर्नरचा चालतो. सक्ती करता येते. बर्म्युडाने ती पन्नासहून जास्त वर्षं केली आणि २०१८ मध्ये सोडून दिली. आपला कायदा जरूर वाचा, पण उतरवून घेऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, भरतीचं कलम हे या कायद्यातलं सोपं कलम आहे. खरी कसोटी पाचारणाच्या कलमाची. राखीव माणसाला त्याच्या नोकरीवरून, घरातून उठवून गणवेशात उभं करण्याचा अधिकार जिथे लिहिलेला असतो, ते हे कलम. बहुतेक मसुदे छावणीच्या नजरेने लिहिले जातात. ज्याच्या हातात बोलावण्याचा आदेश पडणार आहे, त्याच्या नजरेने ते लिहायला हवेत, असं मी ठामपणे म्हणतो. ते का, हे पुढे येईलच.

आधी पट समजून घेऊ. ब्रिटनचे आज १४ सागरपार प्रदेश आहेत. त्यांतल्या सहा प्रदेशांची स्वतःच्या नावाची सैन्यदलं आहेत: बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड, मॉन्टसेरात, केमन आणि टर्क्स अँड केकोस. जिब्राल्टर बाजूला ठेवा. रॉयल जिब्राल्टर रेजिमेंट हा ब्रिटिश लष्कराचाच भाग आहे, तिचा खर्च लंडनचं संरक्षण मंत्रालय करतं आणि तिथली सक्तीची भरती १९७१ मध्येच संपली. उरलेली पाच दलं स्थानिक कायद्याने उभी आहेत आणि त्यांचा मुख्य भार स्थानिक तिजोरीवर आहे. मॉन्टसेरातचं दल १८९९ चं. फॉकलंडच्या स्वयंसेवकांची परंपरा १८५४ पर्यंत मागे जाते. केमन आणि टर्क्स अँड केकोस मात्र अगदी नवे: दोन्हींची घोषणा २०१९ च्या अखेरीस झाली आणि २०२० पासून भरती सुरू झाली. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया या चक्रीवादळांनी त्या भागाची वाताहत केली होती, २०१९ च्या सप्टेंबरात डोरियनने बहामाज उद्ध्वस्त केलं. ही दोन नवी दलं लढाईच्या भीतीतून जन्मली नाहीत, वादळांतून जन्मली. मसुदा लिहिणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावं, कारण जुने नमुने सगळे युद्धाच्या हिशेबाने लिहिलेले आहेत.

आता अधिकाराचा प्रश्न. प्रत्येक प्रदेशाची राज्यघटना लंडनहून राजाज्ञेने आलेली असते. तिच्यात विधिमंडळाला शांतता, सुव्यवस्था आणि सुशासनासाठी कायदे करण्याचा व्यापक अधिकार दिलेला असतो. त्याच घटनेत काही विषय गव्हर्नरच्या खास जबाबदारीत टाकलेले असतात. बर्म्युडाच्या १९६८ च्या घटनेत कलम ६२ पाहा, केमनच्या २००९ च्या घटनेत कलम ५५ पाहा: परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षा, पोलीस. म्हणजे कायदा करणारं सभागृह एक, आणि त्या कायद्याने निर्माण झालेल्या सैन्याचा सेनापती दुसराच, जो त्या सभागृहाला उत्तरदायी नाही. पैसे मात्र सभागृहानेच मंजूर करायचे.

शिवाय वर १८६५ चा कलोनियल लॉज व्हॅलिडिटी ॲक्ट आहेच. त्या प्रदेशाला लागू असलेल्या ब्रिटिश संसदेच्या कायद्याशी स्थानिक कायदा विसंगत असेल, तर विसंगतीपुरता तो निरर्थक ठरतो. म्हणून अशा विधेयकाचा कच्चा मसुदा सभागृहात जाण्याच्या बराच आधी गव्हर्नरच्या कार्यालयात आणि तिथून लंडनला जाऊन येतो. तरुण मसुदाकारांना हा हस्तक्षेप वाटतो. मला तो सोयीचा वाटत आला आहे. विधेयक मंजूर झाल्यावर गव्हर्नरची संमती अडण्यापेक्षा आधीच चार पत्रं झालेली बरी.

सक्तीचा विषय बर्म्युडाशिवाय समजत नाही, म्हणून तिथे थोडं थांबू. या बेटावर पूर्वी दोन दलं होती. बर्म्युडा मिलिशिया आर्टिलरीत मुख्यतः कृष्णवर्णीय, आणि १८९४ पासूनच्या व्हॉलंटिअर रायफल कोअरमध्ये, जिचं पुढे बर्म्युडा रायफल्स झालं, फक्त गोरे. १ सप्टेंबर १९६५ ला दोन्ही एकत्र करून बर्म्युडा रेजिमेंट झाली आणि तिला आधार दिला डिफेन्स ॲक्ट १९६५ ने. आपल्या वाचकांना हे अनोळखी वाटू नये. १९२० मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात एकाच वर्षी दोन कायदे केले होते: ऑक्झिलरी फोर्सचा, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी, आणि इंडियन टेरिटोरियल फोर्सचा, हिंदी लोकांसाठी. एकाच साम्राज्याच्या कचेऱ्यांतून निघालेली ही एकच पद्धत. आपल्याकडे ती १९४८ च्या कायद्याने मोडली, बर्म्युडात १९६५ च्या.

त्या कायद्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा होता: रेजिमेंट स्वेच्छाभरतीतून उभी करायची आणि टिकवायची, आणि स्वेच्छाभरती अपुरी ठरली तर सक्तीच्या सेवेतून. प्रत्यक्षात अठरा ते पंचवीस या वयातल्या बर्म्युडियन पुरुषांची नावं सोडतीने निघत आणि ज्याचं नाव निघालं त्याला तीन वर्षं दोन महिने अर्धवेळ सेवा करावी लागे. बायकांना स्वेच्छेने येता येई, सक्ती नव्हती. पुढे सक्तीविरोधी गटाशी संबंधित काही तरुणांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या मुद्द्यांपैकी दोन मसुदाकारासाठी फार मोलाचे आहेत. पहिला: स्वयंसेवक मिळवण्याचा पुरेसा प्रयत्नच केलेला नसताना भरती ‘अपुरी ठरली’ असं कसं म्हणता? दुसरा: फक्त पुरुषांवर सक्ती हा लिंगभेद आहे. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे या प्रदेशांच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि २०१० मध्ये अपील फेटाळलं गेलं. सरकार जिंकलं.

पण कलम जिंकलं असं मी म्हणणार नाही. ‘अपुरी ठरली’ हे कोणी ठरवायचं? कशाच्या आधारावर? एकदा ठरवलं की ते किती वर्षं चालायचं? यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर कलमाच्या शब्दांत नव्हतं, म्हणून ते वकिलांना आणि न्यायमूर्तींना शोधावं लागलं. आज असं कलम लिहायचं झालं तर मी तीन गोष्टी अंगावर घेईन. दरवर्षी किती पदं मंजूर, किती भरली आणि भरतीसाठी काय काय केलं, याचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. त्या अहवालाच्या आधारेच गव्हर्नरने लेखी प्रमाणपत्र द्यायचं. आणि ते प्रमाणपत्र एका वर्षानंतर आपोआप संपायचं. एवढं लिहिलं असतं तर त्या पहिल्या वादाला न्यायालयात फारशी जागाच उरली नसती.

लिंगभेदाच्या मुद्द्याचं मूळ घटनेच्या शब्दरचनेत आहे. बर्म्युडाच्या घटनेतलं भेदभावविरोधी कलम वंश, मूळ स्थान, राजकीय मत, वर्ण, पंथ असे आधार मोजतं. त्यात लिंग नाही. ते संरक्षण १९८१ च्या मानवाधिकार कायद्यातून येतं. म्हणजे घटना एक बोलते, साधा कायदा जास्त बोलतो, आणि लष्कराचा कायदा या दोन्हींच्या आधीचा. कोणत्याही प्रदेशात काम सुरू करताना हे तीन थर शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

सक्तीच्या श्रमाबद्दलही एक गोष्ट पाहून घ्या. युरोपीय मानवाधिकार कराराचं चौथं कलम लष्करी सेवेला सक्तीच्या श्रमातून वगळतं, आणि बऱ्याच प्रदेशांच्या घटनांमध्ये त्याच धर्तीचा अपवाद आहे. सदसद्विवेकाच्या कारणाने शस्त्र नाकारणाऱ्याला त्याऐवजी दिलेलं कामही त्या अपवादात येतं. पूर्वी एवढ्यावर भागायचं. पण २०११ मध्ये आर्मेनियाविरुद्धच्या बयात्यान खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने सांगितलं की असा नकार विचार आणि धर्म स्वातंत्र्याच्या, म्हणजे नवव्या कलमाच्या, संरक्षणात येऊ शकतो. हा निकाल प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर वर्षभराने आला. त्यामुळे यापुढे कुणी सक्तीचा कायदा लिहायला सांगितला तर खरीखुरी नागरी पर्यायी सेवा त्यात असलीच पाहिजे: लष्कराच्या हुकमाबाहेरची, आणि शिक्षा वाटेल इतकी लांब नसलेली. सवलत ठरवणाऱ्या मंडळात रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांचं बहुमत नको, हेही कायद्यातच लिहावं, नियमांवर सोडू नये.

सक्ती नसली तरी पात्रतेचं कलम दिसतं तितकं सरळ नसतं. आपल्या कायद्यात ‘भारताचा नागरिक’ म्हटलं की भागतं. तिथे नागरिकत्वाला थर आहेत. ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरीज सिटिझन हा एक दर्जा. २१ मे २००२ पासून त्यातल्या बहुतेकांना मिळालेलं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व हा दुसरा. आणि तिसरा, ज्याला बेटावर खरं वजन आहे, तो म्हणजे स्थानिक हक्काचा दर्जा: कुठे ‘बर्म्युडियन’, कुठे ‘केमनियन’, तर मॉन्टसेरात आणि टर्क्समध्ये ‘बिलाँगर’ किंवा ‘आयलंडर’. केमनमध्ये राहणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा वर्क परमिटवर आलेला असतो: जमैकाचे, फिलिपिन्सचे, भारताचेही. त्यांना रेजिमेंटमध्ये घ्यायचं की नाही हा राजकीय निर्णय आहे, मसुदाकाराचा नाही. पण निर्णय कोणताही असो, त्याचे परिणाम मसुदाकाराने विचारून घ्यायचे. परमिटवरच्या माणसाला घेतलं आणि मालकाने परमिटचं नूतनीकरण केलं नाही तर त्याची नेमणूक त्या दिवशी संपते का? नाही घेतलं, तर पंधरा वर्षं बेटावर राहिलेल्या प्रशिक्षित परिचारिकेला वादळात दल वापरू शकत नाही, हे चालणार आहे का?

मॉन्टसेरातची गोष्ट याच मुद्द्याची दुसरी बाजू. १९९५ मध्ये सुफ्रिएअर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, बेटाचा दक्षिण भाग बंद झाला आणि दोनतृतीयांशांच्या आसपास लोक परदेशी गेले. साडेचार हजारांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या बेटावर ‘गेली पाच वर्षं सलग वास्तव्य’ अशी अट घातली, तर परत आलेल्या त्याच बेटाच्या मुलालाच तुम्ही दाराबाहेर ठेवता.

वयाचा नियम मात्र वाद न घालता अठरा ठेवावा. कॅडेट कोअरसाठी वेगळा भाग लिहावा आणि कॅडेट हा सैनिक नव्हे हे स्पष्ट शब्दांत म्हणावं. बालसैनिकांविषयीचा २००० चा प्रोटोकॉल ब्रिटनने २००३ मध्ये स्वीकारला आहे, आणि छोट्या प्रदेशाने त्या बाबतीत सीमेवर खेळण्यात काही अर्थ नाही.

नाव नोंदवण्याच्या प्रक्रियेत एक लहानसं कलम असतं, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. माणसाने नमुन्यातली उत्तरं लिहिली, शपथ घेतली, पण शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूकच नीट झालेली नव्हती. मग तो सैनिक झाला की नाही? आपल्या आर्मी ॲक्ट १९५० च्या पंधराव्या कलमात याचं उत्तर आहे: तीन महिने वेतन घेतलं आणि पटावर नाव राहिलं, तर नोंदणी रीतसर झाली असं मानलं जातं, त्या मुदतीनंतर प्रक्रियेतल्या दोषावर बोट ठेवून बाहेर पडता येत नाही. ब्रिटिश कायद्यांतही हाच विचार आहे. पण राखीव दलात माणूस महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतो. त्याचे ‘तीन महिने’ कसे मोजायचे? मी अशा ठिकाणी महिने न मोजता हजेरीचे दिवस मोजायला सांगतो, आणि त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर विनादंड सुटका देतो.

आता पाचारण. लिहिणाऱ्याच्या हातून सहज उतरतं ते कलम असं असतं: ‘आवश्यक वाटेल तेव्हा गव्हर्नर रेजिमेंटच्या कोणत्याही सदस्याला लष्करी सेवेसाठी पाचारण करू शकेल.’ एक वाक्य, व्याकरण निर्दोष, अधिकार पूर्ण. आता ते बेटावर नेऊन ठेवा. गुरुवारी दुपार, वादळ दीडशे मैलांवर. हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या कॉर्पोरलला फोनवर निरोप येतो. हॉटेलात दोनशे पाहुणे अडकलेत, मालक म्हणतो तू गेलास तर परत येऊ नकोस. घरी पत्र्याचं छप्पर बांधायचं राहिलंय, आई एकटी. तो निघाला तर नोकरी जाते, नाही निघाला तर गुन्हा होतो, आणि किती दिवसांसाठी निघायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कायद्यातल्या त्या एका वाक्याने यातला एकही प्रश्न सोडवलेला नाही.

म्हणून मी कलम साधारण असं बांधतो. पहिल्या पोटकलमात परिस्थिती मोजून लिहायच्या: प्रदेशावर हल्ला किंवा त्याचा निकटचा धोका, चक्रीवादळ, भूकंप, ज्वालामुखी, पूर किंवा मोठा अपघात, पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेलेली अशांतता, आणि दुसऱ्या प्रदेशाने मागितलेली आपत्तीतली मदत. दुसऱ्यात म्हणायचं की आदेश लेखी असेल आणि त्यात कारण, कोणता भाग बोलावला, सुरुवातीची वेळ आणि संपण्याची तारीख असेल. तिसऱ्यात कमाल मुदत, आणि ती प्रत्येक कारणाला वेगळी. ब्रिटनच्या रिझर्व्ह फोर्सेस ॲक्ट १९९६ मध्येही याच पद्धतीने कलम ५२, ५४ आणि ५६ अशी वेगवेगळी दारं आहेत: राष्ट्रीय संकट, युद्धसदृश कारवाई आणि आपत्ती वगैरे इतर कामगिरी. कारण जितकं हलकं, तितकी मुदत कमी. हे तत्त्व घेण्यासारखं आहे, आकडे मात्र बेटाच्या मापाचे हवेत. चाळीस-पन्नास माणसांच्या दलाला नऊ महिने बाहेर काढलं तर बेटावरचे कितीतरी व्यवसाय बसतील.

मुदत वाढवायला सभागृहाचा ठराव लागेल असं लिहिलं, तर लंडनहून हमखास आक्षेप येतो, कारण संरक्षण ही गव्हर्नरची जबाबदारी आणि तिला सभागृहाची अट लावता येत नाही असं त्यांचं म्हणणं. मी यावर काढलेला मार्ग असा: वाढ गव्हर्नरनेच करायची, पण नव्या आदेशाने, नव्या कारणांसह, आणि तो आदेश ठरलेल्या दिवसांत सभागृहापुढे ठेवायचा. केमनसारख्या ठिकाणी घटनेनेच नॅशनल सिक्युरिटी कौन्सिल दिलेली आहे, तिथे तिचा सल्ला घेणं कलमात गुंफावं.

निरोप पोचवण्याचं पोटकलम वादळाच्या हिशेबानेच लिहावं. टॉवर पडले की फोन बंद. म्हणून रेडिओवरची घोषणा ही रीतसर नोटीस मानायची. पण गैरहजेरीचा गुन्हा सिद्ध करायला त्या माणसाला बोलावणं खरोखर कळलं होतं, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर ठेवायची. आणि ‘वाजवी कारण’ हा बचाव नुसता लिहून सोडायचा नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या जिवाला तातडीचा धोका हे वाजवी कारण आहे, असं उदाहरण कलमातच द्यायचं. कमांडिंग ऑफिसरना हे सुरुवातीला आवडत नाही, सैन्य मोकळं सुटेल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलट आहे. आपलं घर कायद्याने लक्षात घेतलंय हे कळलं की माणूस घराची सोय लावून लवकर हजर होतो.

याला लागूनच दुहेरी टोपीचा प्रश्न येतो. छोट्या बेटावर अग्निशमन दलाचा स्वयंसेवक, इस्पितळातला वॉर्डबॉय आणि राखीव सैनिक बऱ्याचदा एकच माणूस असतो. तीन यादींत तीनदा मोजलेला. वादळाच्या दिवशी तो एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. कोणत्या पदावरच्या माणसाला घ्यायचंच नाही, आणि कोणाला घेतलं तर कोणाचं बोलावणं वरचढ, याची अनुसूची कायद्याला जोडलीच पाहिजे. ती बदलण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला द्यावा, म्हणजे दर वेळी विधेयक आणावं लागत नाही.

नोकरीचं संरक्षण. ब्रिटनमध्ये १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे: सेवेहून परतलेल्या राखीव सैनिकाला मालकाने परत घ्यायचं, आणि आधीच्या नोकरीच्या कालावधीप्रमाणे किमान १३, २६ किंवा ५२ आठवडे ठेवायचं. टेरिटोरियल आर्मीच्या कायद्यात आपल्याकडे ७-अ हे कलम त्यासाठीच आहे. ही दोन्ही रूपं मोठ्या अर्थव्यवस्थेसाठी आहेत, जिथे मालकाला बदली माणूस मिळतो. तीन नोकर असलेल्या दुकानदाराला नुसती सक्ती केली तर तो पुढच्या वेळी राखीव सैनिकाला नोकरीच देणार नाही. म्हणून दोन गोष्टी जोडाव्या लागतात: नोकरी देताना राखीव सेवेवरून नाकारण्यास बंदी, आणि लहान मालकाला बदली माणसाच्या खर्चाचा काही भाग सरकारकडून. दुसऱ्या गोष्टीला अर्थखातं नाही म्हणतं. तरी मागावी, कारण हे कलम नसलं तर पहिली बंदी कागदावरच राहते. जखमेची भरपाई मात्र सैनिक हजर होण्यासाठी घरातून निघतो तेव्हापासून सुरू झाली पाहिजे. सरावाच्या मैदानावर पोचल्यापासून नव्हे.

शिस्तीच्या कायद्यात एक जुना सापळा आहे. १९६० ते १९९० या काळात असा कायदा लिहिणाऱ्यासमोर ब्रिटनचा आर्मी ॲक्ट १९५५ तयार होता. तो संदर्भाने लागू केला की शंभर कलमं लिहायची वाचत. पुढे ब्रिटनने आर्म्ड फोर्सेस ॲक्ट २००६ आणला आणि ३१ ऑक्टोबर २००९ पासून १९५५ चा जमाना संपला. ज्याने संदर्भ ‘वेळोवेळी सुधारला जाईल तसा’ असा चालता ठेवला होता, त्यालाही पूर्ण नव्या कायद्याने प्रश्न टाकला; ज्याने तो एका तारखेला गोठवला होता, त्याच्या हाती लंडनमध्ये कुणीच वापरत नसलेला कायदा राहिला. मधल्या काळात, १९९७ मध्ये, फिंडले खटल्यात कोर्ट मार्शलच्या, म्हणजे लष्करी न्यायालयाच्या, निष्पक्षतेवर युरोपीय न्यायालयाने ताशेरे ओढले होतेच. माझं मत असं की राखीव दलाच्या रोजच्या शिस्तीचे दहा-बारा गुन्हे आणि त्यांच्या किरकोळ शिक्षा स्थानिक कायद्यातच साध्या भाषेत लिहाव्यात. गंभीर गुन्हे बेटाच्या साध्या न्यायालयांकडे पाठवावेत. आणि २००६ चा कायदा संदर्भाने फक्त ब्रिटिश सैन्यासोबत काम करताना लागू करावा. बेटावर कोर्ट मार्शलला पुरेसे अधिकारीही बहुधा नसतात.

दल कुणाचं आहे, हे एका स्वच्छ वाक्यात लिहिणं ही औपचारिकता समजू नका. २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने फॉकलंडवर उतरून ताबा घेतला, तेव्हा तिथलं डिफेन्स फोर्स रॉयल मरीन्सच्या बरोबरीने उभं केलेलं होतं. ताबा घेतल्यावर अर्जेंटिनाने ते दल बेकायदा ठरवलं आणि त्याची सामग्री काढून घेतली. अशा वेळी तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या चौथ्या कलमाचं संरक्षण मिळायचं, तर माणूस सशस्त्र दलाचा किंवा त्याचा भाग असलेल्या स्वयंसेवक दलाचा सदस्य आहे हे दाखवता आलं पाहिजे. कायद्यात ‘हे दल राजमुकुटाच्या सैन्याचा भाग आहे’ हे वाक्य, कमांडची साखळी आणि ओळखपत्राची तरतूद असेल, तर पकडल्या गेलेल्या दुकानदाराला दाखवायला काहीतरी राहतं. ते दल १९८३ मध्ये पुन्हा उभं राहिलं, आणि आज त्याला १९९१ च्या स्थानिक कायद्याचा आधार आहे.

अंतर्गत अशांततेचं दार मी सगळ्यांत अरुंद ठेवतो. बर्म्युडाने १९७७ मध्ये दोन फाशींनंतरच्या दंगली पाहिल्या आहेत. स्वतःच्या गल्लीतल्या माणसांसमोर बंदूक घेऊन उभं राहणं ही छोट्या बेटावरच्या सैनिकाची सर्वांत अवघड घडी. मागणी पोलीस आयुक्ताने लेखी करायची, बळाच्या वापराचे नियम पोलिसांचेच लागू राहायचे आणि आदेशाची मुदत दिवसांत मोजायची.

आता टेरिटोरियल आर्मीच्या कायद्याविषयी. तो छोटा, नेटका कायदा आहे आणि त्याची बैठक चांगली आहे: माणूस आपल्या उद्योगधंद्यात राहतो, गरज पडली की येतो. पुण्या-कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या टेरिटोरियल आर्मीच्या (टीएच्या) बटालियन याच कायद्याखाली आहेत. पण त्याचा भार नियमांवर आहे. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने १९४८ च्या नियमांतल्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना टीएचे सर्व अधिकारी आणि जवान बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन प्रत्यक्ष सेवेत बोलावण्याचं त्यात म्हटलं होतं आणि मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. एवढा मोठा निर्णय एका नियमाखाली होऊ शकतो, कारण वर संसदेला जबाबदार असलेलं सरकार आहे. बेटावर आदेश देणारा गव्हर्नर निवडून आलेला नाही. म्हणून आपल्याकडे जे नियमात ठेवून चालतं, ते तिथे मूळ कायद्यातच यायला हवं. आपल्या कायद्याने देशाबाहेरची सेवा केंद्राच्या सर्वसाधारण किंवा खास आदेशावर ठेवली आहे. बेटासाठी मी त्यात प्रत्येक सैनिकाची, प्रत्येक मोहिमेसाठीची लेखी संमती घालीन. बर्म्युडाची माणसं २०१७ मध्ये इर्मानंतर टर्क्समध्ये आणि २०१९ मध्ये डोरियननंतर बहामाजमध्ये मदतीला गेली, अशा कामांना संमतीची अडचण येत नाही.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. स्वेच्छाभरतीच्या दलात ठरावीक नोटीस देऊन सोडता आलं पाहिजे, फक्त पाचारण चालू असताना नाही. गणवेश-सामान परत करणं ही सुटकेची पूर्वअट ठेवू नका. ती वेगळी वसुली ठेवा, नाहीतर एका हरवलेल्या बुटासाठी माणूस पटावर अडकून राहतो. आणि सक्ती रद्द करणारा कायदा लिहायची वेळ आली, जशी बर्म्युडात १ जुलै २०१८ पासून आली, तर संक्रमणाची कलमं आधी लिहायला घ्या: नाव निघालंय पण हजर झालेला नाही, त्याचं काय; अर्धी सेवा झालेल्याला थांबायचं असेल तर कोणत्या पदावर आणि कोणत्या अटींवर; न येण्याबद्दल ज्यांच्यावर खटले चालू आहेत ते त्या दिवशी संपतात की चालू राहतात; आणि ज्यांना आधीच शिक्षा झाली त्यांच्या नोंदी पुसायच्या का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांकडून लेखी घ्या, कारण व्हिसा आणि नोकरीच्या अर्जांवर ती नोंद त्या तरुणांना पुढे अनेक वर्षं नडत राहते.

तुम्हाला सराव करायचा असेल तर पाचारणाचं एकच कलम घ्या, तीस ओळींत बसवा, आणि गुरुवारच्या त्या स्वयंपाक्याचे सगळे प्रश्न त्याला विचारून पाहा. मसुदा पाठवलात तर मी ओळीओळीवर शेरे देईन.